भुजंग सुतार आणि आमच्या खोलीखालचं पेव

मस्तगडात भुजंग सुताराइतकं कमी बोलणारं माणूस मी पाह्यलं न्हाई. दिवसभर बोलायची ती त्याची हातोडी. पंच्याहत्तर साली तो आमच्या खालच्या खोलीत फळ्या टाकायला आल्ता. मामंजींना दमा, जमीन ओली. वैद्य म्हणाले, लाकडावर झोपवा. पाडलेल्या जिनिंग गिरणीच्या माडीच्या सागवानी फळ्या तेवढ्यात मिळाल्या.

जमीन जुनी. सारवून सारवून कुठं उंचवटा, कुठं खड्डा. भुजंग आडव्या पट्ट्या टाकी, खाली पाचरी सारी, पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला की मान हलवी. पण रोज सकाळी बघावं तर देवळीखालच्या कोपऱ्यात पाचरी सैल आणि बुडबुडा एका बाजूला पळालेला.

मी म्हटलं, "भुजंगभाऊ, पाणसळीला चहा पाजा. झोपेत दिसते."

तो हसला न्हाई. आणखी जाड पाचर मारली.

चौथ्या दिवशी भरदुपारी त्यानं त्याच कोपऱ्यात एक ठोका मारला आणि हात वरच राह्यला. मी दारात ज्वारी निवडत होते, मलाही ऐकू आलं. खालून दोन ठोके. बारीक. घाई नसलेले.

"वैनी, हे कचरूचं हाय."

कचरू त्याचा थोरला भाऊ. जोडीनं काम करायचे. भुजंगचा एक ठोका, कचरूचे दोन. बाहत्तरच्या दुष्काळात आष्टीला कचरू पेवात उतरला, जमिनीत पुरलेली ज्वारी काढायला. बंद पेवात हवा कोंदून विषारी होते, म्हणून उघडलं की आधी कंदील सोडायचा, कंदील जळत राह्यला तरच माणूस सोडायचा, ही आपली रीत. त्या दिवशी घरात घासलेट न्हवतं. 'राहू दे कंदील, उतर जल्दी,' असं वरून म्हणणारा भुजंगच. कचरू जिवंत वर आला न्हाई.

भुजंगनं फळ्या उचलल्या, पहारीनं माती उकरली. दगडी झाकण लागलं. घरात पेव होतं हे मामंजींनाही ठाऊक न्हवतं. झाकण सरकवलं तसा आंबूस वास आला. भुजंगनं खांबाला दोर बांधला.

"कुठं निघाले?"

"तो खाली हाय, वैनी. वाट बघून राह्यला."

"असंल. पण आधी कंदील."

"ठोके बराबर त्याचेच हायेत!"

"त्याचेच असते, तर त्यानं तुम्हाला बिनकंदिलाचं बोलवलं असतं का?"

तो थांबला. मी कंदील पेटवून दोराला बांधला. हातभर खाली गेला तोवर ठीक. मंग ज्योत बारीक झाली आणि, काच असून, कुणी चिमटीत धरावी तशी विझली. खालून पुन्हा दोन ठोके.

भुजंग विझलेल्या कंदिलाकडं बघत बसला. पलीकडून मामंजी खोकत ओरडले, "अगं, फळ्या आज टाकता का माझ्या तेराव्याला?"

भुजंगनं तोंड पुसलं. म्हणाला, "मुरूम मागवा."

सहा गाड्या मुरूम त्यानं एकट्यानं लोटला. मजूर लावू दिला न्हाई. दर टोपल्याआधी काठावर बसून आत काहीबाही पुटपुटायचा. मी कान दिला न्हाई. ते माझ्यासाठी न्हवतं. जमीन चोपून पट्ट्या टाकल्या, बुडबुडा मधोमध आला. शेवटची फळी ठोकताना एक ठोका मारून थांबला. वाकून कान लावला. पुन्हा एक मारला.

काही न्हाई.

"गेला," म्हणाला. आमच्या आडावर जाऊन धोतरासकट दोन बादल्या डोक्यावर ओतल्या, मसणातून आल्यावर ओततात तशा. मी चहा पुढं केला.

"आज न्हाई वैनी. सुतक हाय मला."

तीन वर्षांनी कसलं सुतक म्हणून गल्ली हसली. तो कुणाला काही बोलला न्हाई. दहा दिवस रंध्याला शिवला न्हाई. दहाव्याला डोकं भादरून आला, हत्यारं उचलली आणि पुढच्या कामावर गेला.