पंधरा पौर्णिमांचा हिशेब

आमच्या बंदरावर कुणाची नोकरी किती झाली हे जाणून घ्यायचं असलं की लोक माझ्याकडे येत. लाँच कंपनीच्या तिथल्या कचेरीत मी कारकून होतो. तिकिटांचा हिशेब, मालाच्या पावत्या आणि हजेरीपट माझ्याकडे असत. कंपनीचा ग्रॅच्युइटीचा नियम मला पाठ होता आणि कुणी न विचारताही मी तो सांगत असे. स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याची सलग पंधरा वर्षं पूर्ण झालेली असली, तर दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा मूळ पगार, तोही एकरकमी. "एक दिवस कमी म्हणजे शून्य," असं म्हणून मी हवेत बोटाने शून्य काढून दाखवायचो. ते शून्य चांगलं गोल येई. त्याचा मला अभिमान होता.

बंदरावर नोकरी मोजायची रीत नारळी पौर्णिमेची. पावसाळाभर लाँची बंद असत. पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की कचेरी नव्या वर्षाला उघडे आणि नवी माणसं त्याच दिवशी कामाला लागत. कायम झालेल्या माणसाचा पावसाळाही नोकरीत धरला जाई. त्यामुळे कुणी "माझी नोकरी बारा वर्षं" म्हणत नसे, "माझ्या बारा पौर्णिमा झाल्या" म्हणे. मीही स्वातंत्र्याच्या वर्षीच्या पौर्णिमेला लागलो. माझी नोंद घरच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून होती. दर पौर्णिमेला पेन्सिलीची एक उभी रेघ. इतर लोक लागल्या दिवसाचीच एक धरून चालत आणि मग वर्षाने चुकत. मी पहिली रेघ दुसऱ्या वर्षी मारली. एवढा मी काटेकोर.

माझा हिशेब न मानणारा एकच माणूस भेटला, तो म्हणजे आमच्या लाँचीचा तांडेल. जातीचा कोळी, अक्षरशत्रू. नोकरी सोडायच्या वेळी तो माझ्याकडे आला. मी पौर्णिमा मोजून त्याला सांगितलं, पंधरा भरल्या, दे राजीनामा. त्याने मान हलवली आणि बिस्किटाच्या डब्यातून मेणकापडात गुंडाळलेलं नेमणुकीचं पत्र काढलं.

"यावर काय ल्हिलंय ता बगा, भाऊ."

"अरे, मी मोजलंय ना!"

"तुमी मोजलंय ता बरा हाय. पन कंपनीनं काय मोजलंय ता बगाया नको?"

माझा अपमान झाला. मी पत्राला हात लावला नाही. तो मुंबईला गेला, थोरल्या कचेरीत पत्र वाचून घेतलं, आणखी दहा दिवस काम केलं आणि मग राजीनामा दिला. त्याला पूर्ण रक्कम मिळाली. अडाणी माणसं उगाच शंकेखोर असतात, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. माझं स्वतःचं नेमणूकपत्र वाळवीने खाल्लं त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. त्याची मला कधी गरज वाटली नव्हती. रेघा होत्या.

बासष्ट साली मला नोकरी सोडणं भाग पडलं. दिवेआगरला आमची सुपारीची वाडी आहे. ती वडील बघत. ते आदल्या वर्षी गेले आणि त्या उन्हाळ्यात रहाटाच्या बैलानेही अंग टाकलं. दिवाळीनंतर रोज पाणी मिळालं नाही तर शिमग्यापर्यंत सुपारी माना टाकते. मी हिशेब केला. जुनं पण चालतं तेलाचं इंजिन अकराशे रुपयांना मिळत होतं. शिल्लक चारशे दहा. मूळ पगार ब्याण्णव, त्याचा अर्धा शेहेचाळीस, गुणिले पंधरा, सहाशे नव्वद. बेरीज बरोबर अकराशे. बेरीज इतकी चोख जुळल्यावर माणसाने सावध व्हायला हवं. मी उलट म्हसळ्याला जाऊन पन्नास रुपये इसार देऊन आलो.

राजीनामा महिनाभर आधी दिला. त्या वर्षी नारळी पौर्णिमा नेमकी पंधरा ऑगस्टला आली होती. त्या संध्याकाळी कामावरून मुक्त करावं, असं मी लिहिलं. त्या दिवशी सकाळी शाळेत झेंडावंदनाला गेलो. हेडमास्तर म्हणाले, आज देशाच्या स्वातंत्र्याला पंधरा वर्षं पूर्ण झाली. मी मनात म्हटलं, माझ्याही नोकरीला. छाती जरा पुढे काढली. दुपारी दर्याला नारळ दिला, संध्याकाळी हजेरीपटात स्वतःच्या नावापुढे लाल शाईने "सेवामुक्त" लिहिलं, खाली पट्टीने दोन रेघा ओढल्या आणि पटाची नक्कल मुंबईला जाणाऱ्या टपालात टाकली. घरी येऊन ट्रंकेत पंधरावी रेघ मारली.

आठवड्याने थोरल्या कचेरीचं पत्र आलं. दाखल, एकतीस ऑगस्ट सत्तेचाळीस. मुक्त, पंधरा ऑगस्ट बासष्ट. पंधरा वर्षांना पंधरा दिवस कमी. सबब ग्रॅच्युइटीस अपात्र.

मी लगेच अर्ज लिहायला बसलो. कंपनीच्या दप्तरात घोर चूक आहे, पंधरा पौर्णिमा म्हणजे पंधरा वर्षं हे लहान मूलही सांगेल, वगैरे. दीड पान झालं. बायको शेजारी विळीवर नारळ खवत होती.

"काय एवढं लिहिताय?"

मी पत्र वाचून दाखवलं. तिचा हात थांबला.

"अहो, तुम्ही लागलात त्या वर्षी धोंडा होता."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? आपलं लग्न वैशाखातलं. तुम्ही नवे जावई. अधिक श्रावणात माझ्या आईने तुम्हाला धोंड्याचं वाण दिलं. तेहतीस अनारसे!"

"असतील."

"असतील काय! तुम्ही ताटावर बसून मोजलेत आणि भर पंगतीत म्हणालात, बत्तीसच आहेत. आई आत जाऊन रडली."

"बत्तीसच होते," मी म्हणालो. ते मला लख्ख आठवत होतं.

"आणि त्याच दिवशी बाहेर पोरं झेंडे घेऊन ओरडत होती. देश स्वतंत्र झाला तेव्हा तुम्ही आमच्या ओटीवर अनारसे खात होता. तुम्हाला नोकरी नव्हती. महिना सरला, दुसरा श्रावण लागला, त्यातल्या पौर्णिमेला तुम्ही कामावर गेलात."

मी लेखणी खाली ठेवली. आदल्या आठवड्यात झेंड्याखाली छाती काढून उभा होतो, तो मीच. देश पंधरा वर्षांचा झाला त्या दिवशी माझी नोकरी पंधरा वर्षांची कशी होईल? मी लागलो तेव्हा स्वातंत्र्याला दोन आठवडे उलटून गेले होते. अधिक महिन्यामुळे त्या वर्षीची पौर्णिमा लांबली होती, आणि या वर्षीची लवकर आली होती. पौर्णिमा कंपनीच्या तारखा बघून येत नाही. पाटीवर मांडलं असतं तर तिसरीतल्या मुलाला कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी एजंटसाहेबांकडे गेलो. बंदराच्या कचेरीचे ते प्रमुख, भला माणूस. ते म्हणाले, "नवा कारकून कालच्या लाँचीने आला. बंदर बघितलं, विचारलं इथे हॉटेल कुठे आहे, आणि त्याच लाँचीने परत गेला. तुम्ही महिनाअखेरपर्यंत कामावर आहात असं मी लिहितो. हजेरीपट बघू."

मी पट पुढे केला. त्यांनी तो उजेडात धरला.

"अहो कारकून, एवढं सुंदर कशाला लिहिलंत?"

"सवय."

"लाल शाई. शिवाय दोन रेघा. मुंबईला नक्कल गेली?"

"त्याच संध्याकाळी."

"सगळ्या जन्मात एखादं टपाल चुकवायचं होतंत हो!"

त्यांनी तरी लिहून पाहिलं. नकार आला. सोबत मात्र, जागा रिकामी असल्यामुळे एक सप्टेंबरपासून मला नवीन उमेदवार म्हणून घेता येईल, असं होतं. पगार सुरुवातीचा, म्हणजे मूळ साठ.

मी घेतली. दुसरं काय करणार? म्हसळ्याच्या व्यापाऱ्याने इसार परत दिला नाही. त्यालाही नियम पाठ होते. चारशे दहातले पन्नास गेले होते, उरलेल्या तीनशे साठात एक बैल घेतला. वाडी बघायला मी राहणार होतो, ती बायकोने बघितली. त्या शिमग्याला एकाही पोफळीने मान टाकली नाही. मी असतो तर रहाटाचे फेरे मोजत बसलो असतो, असं ती म्हणते. मी यावर वाद घालत नाही.

नोकरीवर परत गेलो त्या आठवड्यात तांडेल सुकी मासळी घेऊन आला. माझ्यासमोर बसला आणि त्याने हवेत बोटाने शून्य काढलं. त्याचंही चांगलं गोल आलं.

"भाऊ, आमाला वाचता येत न्हाय, म्हून आमी कागद जपतो," तो म्हणाला. "तुमाला येतंय, म्हून वाळवीला दिलात, व्हय ना?" जाताना त्याने मला एक बिस्किटाचा डबा दिला. रिकामा. नवं नेमणूकपत्र आता त्यात आहे, मेणकापडात.

नव्या नेमणुकीची पंधरा वर्षं एकतीस ऑगस्ट सत्त्याहत्तरला पूर्ण होतील. हे मी पत्र समोर ठेवून लिहितो आहे. बायकोनेही वेगळं मोजून पाहिलं आहे. आमचं उत्तर जुळलं तेव्हाच मी ते भिंतीवर लिहिलं.

सहासष्ट साली श्रावणच पुन्हा अधिक आला. एकोणीस वर्षांनी सासूबाईंनी जुन्या जावयाला वाण पाठवलं. मेहुण्याने डबा बायकोच्या हातात दिला आणि निरोप सांगितला: "आईने सांगितलंय, यांना म्हणावं एक वरचा घातलाय. मोजण्यात चूकभूल धरून."

बायको हसत आत गेली. मी जरा थांबलो, ती चुलीशी वाकली आहे असं पाहिलं आणि डबा उघडला. चौतीस होते.