कॅमेऱ्यासमोरचा धवला

माझी आई गोडदेव गावची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, धवलारीण आधी. ती धवले गाऊन देवांना मांडवात बोलावते, मग पुढचं सगळं. गावाला लागून इंद्रलोक नावाच्या वसाहतीच्या बिल्डिंगी उठायच्या आधी तिचा आवाज पार मिठागरांपर्यंत जायचा. हे मी ऐकीव सांगत नाही.

पडद्यावर ती दोनदा आली. पहिल्यांदा एका हिंदी सिनेमात, उत्तनच्या किनाऱ्यावरच्या लग्नात. तिचे ओठ हलताना दिसतात आणि वर बँड वाजतो. तिला त्याचं काही वाटलं नाही. "लुगडं बरं दिसलं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्यांदा डॉक्युमेंटरीवाले घरी आले, तेव्हा मात्र तिने विचारलं, "आवाज ऱ्हाईल ना?" तिच्या गळ्यात गाठ झाली होती, ऑपरेशन ठरलं होतं. आवाजाची खात्री डॉक्टर देत नव्हता. आणि माझं लग्न व्हायचं होतं.

"पूरा रहेगा, माँजी," त्यांचा साहेब म्हणाला.

पण नवरीबिगर धवला म्हणायचा नाही, असं आई मानायची. म्हणून मलाच पाटावर बसवलं. घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, बी.ए.चं शेवटचं वर्ष, आणि तोंडाला हळद लावून बसलेय. शेजारची काकी दारातून ओरडली, "काय गो, पोरीचं लगीन क्यामेऱ्याशी लावतेस का?"

"लावतंय. हुंडा तरी न्हाय मागत त्यो," आई म्हणाली.

मग ती गायली. देवांना बोलावण्यापासून त्यांची पाठवणी करेपर्यंत. मध्येच ते "कट" म्हणाले, तरी थांबली नाही. मी रडले, ते काही नाटक नव्हतं.

ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. कुजबुज तेवढी राहिली.

बऱ्याच महिन्यांनी कॅसेट आली. भाड्याने व्हीसीआर आणला, अख्खी आळी घरात. पडद्यावर आई तोंड उघडते, अर्धी ओळ होते, आणि एक माणूस इंग्रजीत बोलायला लागतो. बोलतच राहतो. धवला कुठेतरी मागे, पलीकडच्या खोलीतून यावा तसा.

"काय सांगतंय त्यो?" आईने मला विचारलं.

"ही कला लोप पावत चाललीय म्हणतो."

"मंग जरा गप बस म्हनावं त्याला."

सगळे हसले. ती नाही हसली.

मूळ टेप मागायला मी त्यांच्या ऑफिसात गेले. ग्रॅज्युएट झाले होते, इंग्रजीतच मागितली. कळलं की त्या टेपवर त्यांनी दुसरं शूटिंग घेतलंय.

माझ्या लग्नाला राई गावची धवलारीण बोलावली. चांगली गायली, उगाच नावं का ठेवू. धवल्यात नवरीचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा ती थांबली आणि आईकडे वळली. मान म्हणून, तेवढं आईने म्हणावं. बायका ऐकायला पुढे सरकल्या. आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोंड उघडलं.

तिच्या एवढी जवळ बसले होते, तरी मला फक्त श्वास ऐकू आला.