थंडीचा भाव सांगणारे मामा

आखाती देशांत राहून थंडीला घाबरणारा एकमेव माणूस म्हणजे आमच्या हिचे मामा. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात मे महिन्यात गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायचा तर रुमाल गुंडाळावा लागतो. तिथल्या आपल्या वर्कशॉपात बसून हा गृहस्थ दिवसभर बर्फाची काळजी करतो. मामा कंटेनरमध्ये बॅटऱ्या, वायरिंग, सोलर पॅनल बसवून अख्खं वीजघरच जहाजावर चढवतात. वाळवंटातल्या साइटना त्यांनी अशी कितीतरी दिली. पण एकदा थेट उत्तरेकडच्या, हिवाळ्यात सूर्यच न उगवणाऱ्या एका गावाच्या दवाखान्याची चौकशी आली आणि मामा पार बदलले. दुबईच्या करामा भागात आमच्या घरी जेवायला आले की सोफा दाबून विचारायचे, "उणे तीसला हा तडकेल का रे?" हिने फ्रीजमधून श्रीखंड काढलं की खाण्याआधी त्यात थर्मामीटर!

मामांचं म्हणणं, सूर्य सगळीकडे फुकटच, पैसे पडतात ते थंडीचे. गारठलेली बॅटरी चार्ज घेत नाही, म्हणून तिला हीटर. ती ऊब टिकावी म्हणून भिंतींना जाड अस्तर. बर्फ घसरून पडावा म्हणून पॅनल जवळजवळ उभे. भाव मारुतीच्या शेपटासारखा वाढत गेला. वर त्यांनी स्वतःहून डिझेल जनरेटर घातला आणि कोटेशनखाली लिहिलं, 'दोन महिने आमचा सूर्य रजेवर असेल.' त्यांच्या केरळी भागीदारानं कपाळावर हात मारला. "हबीबी, बाकी सब लोग ये बात छुपाते हैं! ऑर्डर खलास!" मामा म्हणाले, "खलास तो खलास. दवाखाना है. अंधेरे में बच्चे की डिलिव्हरी करेंगे क्या?" ती ऑर्डर हुकली असती तर वर्कशॉपला कुलूपच लागलं असतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मामांनाही होतं.

आपली बॅटरी गारठ्यात चालते हे दाखवायला मामांनी एका ओळखीच्या मासळीवाल्याचं कोल्ड स्टोरेज मागून घेतलं आणि दवाखान्याच्या नर्सबाईंना तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. मोबाइल धरायला मी, शेजारी भागीदार. तीन स्वेटर, माकडटोपी आणि वर मामींची शाल असा मामांचा जामानिमा होता. मागे सुरमईचे खोके, पुढे बॅटरी, आणि दात असे वाजत होते की त्यांचं इंग्रजी तुकड्यातुकड्यानं बाहेर पडत होतं. पडद्यावरच्या बाई मात्र अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आपल्या अंगणात उभ्या. "आज इकडे छान ऊबदार आहे, उणे बारा," त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी बाहेर या बघू!" मामा हलले नाहीत. बॅटरी चार्ज घेऊ लागली तेव्हाच त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच भरात त्यांनी जनरेटरची कथाही सांगून टाकली. भागीदारानं डोळे मिटले. बाई पोट धरधरून हसल्या. "दोन महिने ऊन नसतं हे आम्हाला माहीत आहे हो. पण विकायला आलेल्यांत ते सांगणारे तुम्ही पहिलेच." ऑर्डर मामांनाच मिळाली.

कंटेनर पोचला, तिकडे हिवाळा लागला आणि मामांचं जेवणावरून लक्ष उडालं. जानेवारी सरता सरता एका दुपारी मी वर्कशॉपात असताना बाईंचा व्हिडिओ आला. सगळं गाव दवाखान्यापुढे जमलं होतं. क्षितिजावर सूर्याची नुसती कोर वर आली, पॅनल उजळले, मीटरचा आकडा हलला आणि माणसं टाळ्या वाजवू लागली. मामा खुर्चीतून उठले आणि मोबाइलपुढे उभे राहून तेही टाळ्या वाजवू लागले. बाहेर शारजात लख्ख ऊन पडलं होतं, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मला हसू आलं आणि डोळेही भरले.

व्हिडिओखाली बाईंनी लिहिलं होतं, 'पुढच्या वर्षी हे पाहायला तुम्ही या.' मामांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. त्या कोल्ड स्टोरेजनंतर त्यांचा दमा असा बळावला होता की थंड हवेत जायला डॉक्टरांनी कायमची मनाई केली होती. मामांनी चष्मा पुसला, एका बोटानं 'इन्शाल्ला' एवढंच टाइप केलं आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.