अर्धा इंच आखूड बेल्ट

आमच्या गुडगावात बर्फ पडत नाही, हे मला सांगायला त्या महिन्यात निम्मी सोसायटी येऊन गेली. खाली पार्किंगमध्ये बर्फ फेकायचं मशीन खोलून पडलेलं होतं. हे काय आहे, असं कुणी विचारलं की मी खरं ते सांगायचे, आणि समोरचा 'अच्छा, अच्छा' करत काढता पाय घ्यायचा. लोकांना वाटायचं, ह्या मराठी बाईचं डोकं फिरलंय. फिरलंच होतं, पण कारण वेगळं होतं.

माझी धाकटी नणंद डॉक्टर. हिमाचलात, खिंडीच्या पलीकडे एका लहानशा इस्पितळात एकटीच सगळं बघायची. हिवाळ्यात खिंड बंद झाली की ते गाव जगापासून तुटायचं. आदल्या हिवाळ्यात एका बाळंतिणीला घरच्यांनी कसंबसं फाटकापर्यंत आणलं, आणि फाटकापासून दारापर्यंत छातीएवढा बर्फ. फावड्यांनी वाट काढेपर्यंत बाळ गेलं. हे तिनं फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. भावाला एवढंच म्हणाली, "दादा, पुढच्या हिवाळ्याआधी मला ते मशीन हवंय."

दादा म्हणजे आमचे हे. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. बिघडलेलं काही दिसलं की ह्यांचे डोळे चमकतात, माणूस सोडून. तेव्हा परदेशी कंपन्या नुकत्या यायला लागल्या होत्या. त्यांचे साहेब थंड देशांतून अख्खं घर कंटेनरमध्ये भरून आणायचे आणि जाताना अर्धं इथंच विकून जायचे. असलं सामान घेणारा एक व्यापारी ह्यांनी दिल्लीत शोधून काढला. त्याच्याकडे अशी तीन मशीनं धूळ खात पडली होती. त्यांचं काय करायचं ते त्यालाही माहीत नव्हतं.

एक मोठं, लोखंडी दात्यांचं. हे त्याच्याभोवती घुटमळायला लागले, तेव्हा मी विचारलं, हे तुमची बहीण एकटी ढकलणार आहे का? मग उरली दोन लहान. त्यांत रबरी पात्यांचा एकच रूळ असतो. तो जमिनीलगत फिरून बर्फ ओढतो आणि वरच्या धुराड्यातून बाजूला फेकतो. एक चकचकीत होतं, पण त्याची दोरी ओढली तर हाताला काही जोरच लागेना, म्हणजे इंजिन आतून गेलेलं. दुसऱ्याचा रंग उडालेला, पण दोरी ओढताना इंजिन उलट हाताला झटका देत होतं, म्हणजे त्यात अजून जीव होता. ह्यांनी तेच उचललं. जुनं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये डिंकासारखं घट्ट झालेलं, ते खरवडून काढलं. रबराची पाती तडकली होती, ती कारखान्यातल्या भंगारातल्या जाड रबरी पट्ट्यातून कापून बसवली. ह्या कामात माणूस असा रमला की जेवायला हाका मारून माझा घसा बसला.

अडलं ते बेल्टपाशी. जुना जागोजागी चिरलेला. त्या मापाचा बेल्ट दिल्लीत कुठंच मिळेना. शेवटी पिठाच्या गिरणीचं सामान विकणाऱ्याकडे एक मिळाला, अर्धा इंच आखूड. ताणून ताणून बसवला, आणि मशीन काय गरगरलं! हे खूश. आखूड आहे ते बरंच, म्हणाले, घसरणार नाही.

इस्पितळाची जीप औषधं न्यायला दिल्लीत आली होती, ती दुपारी परत निघणार होती. त्या सकाळी ह्यांनी बर्फखान्यातून लाद्या आणून गोणपाटात कुटल्या आणि गेटपाशी पसरल्या. ड्रायव्हर घड्याळाकडे बघत उभा. खिंडीवर ढग आलेत, आता थांबलो तर पलीकडे जाता येणार नाही, असं तो सारखा सांगत होता. मशीन चालवायला मी हट्टानं पुढे झाले. म्हटलं, तिकडे बाईमाणूस चालवणार आहे, मग इथंही बाईमाणसानंच चालवून बघू. हँडलला एक दांडी असते. ती दाबून धरली की पाती फिरतात, सोडली की बेल्ट सैल पडून थांबतात. मी दाबली. बर्फाचा फवारा थेट सोसायटीच्या सेक्रेटरीच्या स्कूटरवर गेला. वर गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. मी दांडी सोडली.

पाती थांबली नाहीत.

परत दाबली, परत सोडली. पाती आपली फिरतातच आहेत. ह्यांना म्हटलं, हे थांबत नाहीये. हे म्हणाले, बेल्ट आखूड आहे, दांडी सोडली तरी ताणलेलाच राहतो, वापरून सैल होईल. तोवर? तोवर आधी इंजिन बंद करायचं, तसा कागद चिकटवून देतो वर. मी म्हटलं, बर्फानं धुराडं चोंदलं, ते हातानं मोकळं करायचंय, बाहेर पेशंट अडकलाय, तेव्हा ती तुमचा कागद वाचत बसणार आहे का? मग ह्यांचाही आवाज चढला. दुसरा बेल्ट नाही, जुना घातला तर कधीही तुटेल, आणि मशीन गेलं नाही तर पुन्हा एखादं मूल जाईल, ते तुला चालेल का? खरंच होतं ते. वर म्हणाले, रबराची तर पाती आहेत, काय होतंय त्यानं!

माझं डोकं सटकलं. वर घरी गेले, भाजीच्या टोपलीतला मनगटाएवढा मुळा घेऊन खाली आले, आणि दांडीला हातही न लावता तो धुराड्यात खुपसला. खाडकन आवाज झाला. माझ्या हातात फक्त पाला उरला.

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी इंजिन बंद केलं, बेल्ट काढला आणि जुना, चिरलेला चढवला. दांडी सोडली की आता पाती निमूट थांबत होती. जीप गेली. ह्यांनी नवा बेल्ट घरात खुंटीला टांगून ठेवला आणि बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

खिंड बंद झाली. फोन लागेना. पेपरात बर्फाची बातमी आली की हे ती मोठ्यानं वाचायचे, मला ऐकू जाईल अशी. त्या माणसाचा मला राग यायचा, आणि त्याहून जास्त धास्ती वाटायची, की ह्यांचंच बरोबर निघालं तर?

जानेवारीत एकदाचा फोन आला. नणंद भडकलेली होती. चार वेळा चाललं आणि बेल्ट तुटला, म्हणाली, आता परत फावडी, पेशंट पाठीवरून आणतोय, असलं मशीन पाठवायचंच कशाला? मी तिला आखूड बेल्टचं सांगितलं. तो टिकला असता, पण दांडी सोडल्यावर पाती थांबत नव्हती, म्हणून मीच काढायला लावला.



"वहिनी," ती म्हणाली, "पहिल्याच बर्फात धुराडं चोंदलं होतं. मी दांडी सोडली आणि सरळ हात घातला. इंजिन चालूच होतं, लक्षातच आलं नाही माझ्या." मग म्हणाली, "परवा ह्याच हातानं सिझेरियन केलं. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

हे शेजारीच उभे होते, काय म्हणतेय, काय म्हणतेय, असं खुणेनं विचारत. मी रिसीव्हर ह्यांच्या कानाला लावला आणि त्यातच म्हणाले, "हे तुझ्या दादाला सांग."