चार जीपा आणि एका मापाच्या रिंगा

आमच्या सावली गावात त्या काळी चार जीपा होत्या आणि चारही एकाच लिलावातल्या. लढाई संपल्यावर सरकारनं लष्कराच्या जुन्या गाड्या विकायला काढल्या, तेव्हा चौघांनी नागपूरला जाऊन शेजारी शेजारी उभ्या असलेल्या उचलल्या. एक मालगुजारांची. गावचा सारा गोळा करायची मालगुजारी सरकारनं काढून घेतली होती, पण लोक त्यांना मालकच म्हणत आणि तेही ओ देत. एक जंगलच्या ठेकेदाराची, एक धानगिरणीवाल्याची आणि चौथी आमच्या ह्यांची. आमची जीप मूल गावच्या टेसनावर सवाऱ्या न्यायची. किती बसायच्या ते विचारू नका. ज्याचा एक पाय आत, तो बसला असं आमचे हे धरत.

इंजिनालाही वय होतं, हे मी चुलीपाशी बसून शिकले. चांद्याचा मिस्त्री आला की आमच्याकडेच जेवायचा आणि त्याला बोलल्याशिवाय घास उतरत नसे. इंजिनात पिस्टन वरखाली होतो, त्याच्या अंगावर बांगड्यांसारख्या लोखंडी रिंगा असतात. त्या झिजल्या की गाडी तेल पिते आणि मागून निळा धूर सोडते. पिस्टनचं घरही घासून सैल होतं. मग ते कोरून मोठं करतात, म्हणजे बोअर करतात, आणि मोठ्या मापाच्या रिंगा घालतात. कधीच न कोरलेलं इंजिन म्हणजे स्टँडर्ड. पुढे दहा, वीस, तीस, चाळीस अशी मापं. आकडा मोठा तितकं इंजिन म्हातारं.

त्या साली चारही जीपा असा धूर सोडत होत्या की डास पळावेत. आणि नेमक्या त्याच साली सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. चांद्याच्या दवाखान्यात हिवाळ्यात नागपूरचा डॉक्टर येणार होता. जायचं कसंही जमलं असतं, बैलांच्या बंडीनं मूल आणि तिथून रेल्वे. अडचण परतीची. कापलेल्या डोळ्याला हिसका बसता कामा नये. आमच्या शेजारची म्हातारी आदल्या हिवाळ्यात बंडीनं परत आली आणि तो डोळा गेला तो गेलाच. जीप काही पालखी नव्हे, पण रबरी चाकं, हळू हाकायची, खाली दोन गाद्या. सासूबाईंचा सगळा भरवसा त्या जीपवर, आणि जीप तर टेसनापर्यंत पोचेना.

तेव्हा मालकांनी बातमी आणली. नागपूरचा एक दुकानदार रिंगा स्वस्तात देत होता, कंपनीच्या नव्हे, बाहेरच्या बनावटीच्या. अट एकच, पेटी अख्खी घ्यायची आणि सगळा माल एका मापाचा. चौघं आमच्या ओसरीवर बसले. मी चहा दिला.

"तर मग माप बोला," मालक म्हणाले. "माझी स्टँडर्ड हाय. हात नाई लावला कोणी."

"माझीही स्टँडर्डच," ठेकेदार लगेच म्हणाले. "जंगलातले रस्ते फिरते, पण अजून कुमारी हाय."

गिरणीवाल्यानं मान डोलावली. मग आमच्या ह्यांनी, माझ्याकडे न बघता, "आमचीही तेच." मुलीचं वय सांगताना बाप इतका धीट नसतो!

आत आल्यावर मी म्हटलं, "अवो, आपली तर तीसनं बोअर केली ना? माझ्याच हातचं जेवून गेला मिस्त्री."

"हळू बोल ना. चार लोकांत माझीच काय म्हातारी ठरवू?"

"मग बसन का रिंग?"

"बसते बसते. बाहेरचा माल थोडा मोठाच असते."

हे कुठल्या शाळेत शिकवतात देव जाणे.

पेटी आली. मालकांनी तिला हार घातला, ठेकेदारांनी नारळ फोडला. मिस्त्रीनं आमचं इंजिन उघडलं, रिंग वर धरली आणि पिस्टनच्या घरात सोडली. आडात बादली पडावी तशी ती सरळ खाली गेली. मिस्त्री ह्यांच्याकडे बघत राहिला. हे आभाळाकडे.

दुसऱ्या दिवशी हे गावात चौकशी करून आले. म्हणाले, तिघांच्याही रिंगा एकदम फस्क्लास बसल्या. पण तिन्ही जीपा ताडपत्रीखाली झाकलेल्या. मालकांच्या जीपला म्हणे मुहूर्त नव्हता, ठेकेदाराच्या जीपला डायवर नव्हता, गिरणीवाल्याला वेळ नव्हता. गावभर एकही जीप नाही आणि चौघं चावडीवर बसून मालाची तारीफ करून राह्यले. मोठी रिंग असली तर कानशीनं घासून लहान करता येते. लहान रिंग ताणून मोठी करता येत नाही. एवढं चौघांनाही कळत होतं, म्हणूनच कोणी दुसऱ्याची ताडपत्री उचलून पाहात नव्हतं.

डॉक्टर यायची तारीख जवळ आली. सासूबाईंनी चौघांना निरोप धाडला, ओसरीवर या. चौघं आले. त्या आवाजावरून एकेकाला ओळखत बसल्या.

"मालक, नव्या रिंगा बसल्या म्हणते तुमच्या. मले मूलवरून आणाले येसान?"

"काकी, तुमच्यासाठी जीव हाजीर! पण मुहूर्त..."

"ठेकेदार?"

"डायवरच नाई ना, काकी."

गिरणीवाला तर पायानं आपल्या वहाणा शोधू लागला. मग सासूबाई ह्यांच्या दिशेनं तोंड करून म्हणाल्या, "जाऊ दे गा बाबू. बंडीनं येतो मी. डोळा राह्यला तर राह्यला."

हे उठून उभे राहिले. कान लाल झालेले. "माय, आपली जीप तीसनं बोअर हाय. रिंग बसत नाई. मी खोटं बोललो."

मग गिरणीवाला जमिनीकडे बघत म्हणाला, "माझीही तीसच." ठेकेदार खाकरले. "तीस." आता सगळे मालकांकडे बघू लागले. मालकांनी उपरणं झटकलं, घडी केली, पुन्हा झटकलं.

"चाळीस," ते म्हणाले.

सासूबाई हसता हसता पदरानं डोळे पुसू लागल्या. "माय वो! चार चार बाळंतपणं झालेल्या बाया, अन् कुमारीची चोळी आणून राह्यले!"

मालकच पेटी घेऊन नागपूरला परत गेले. दुकानदारानं कुरकुर करत बदलून दिली, पण माल एका मापाचाच. तेव्हा सगळ्यांसाठी मालकांचंच माप घेतलं, चाळीस. बाकी तिघांनी मिस्त्रीच्या देखरेखीखाली आमच्या अंगणात बसून आपापल्या रिंगा घासल्या. दिवसभर कानशींचा किरकिराट, आणि मालक खुर्चीवर बसून, "जरा कमी घासा, जरा कमी." ज्याचं इंजिन सगळ्यांत झिजलेलं, तोच गावाचं माप ठरला, याचा त्यांना हळूहळू अभिमान वाटू लागला होता.

सासूबाईंना मूलहून आमच्याच जीपनं आणलं, दोन गाद्यांवर, डोळ्याला पट्टी. हे इतकी हळू हाकत होते की वाटेत एक बंडी आमच्या पुढे निघून गेली.

जाड भिंगाचा चष्मा आला त्या दिवशी सासूबाई अंगणात आल्या आणि पहिल्यांदा जीपकडेच गेल्या. चारी बाजूंनी फिरल्या. पोचे आलेला पत्रा, तारेनं बांधलेला दिवा, उडालेला रंग.

"हिलेच स्टँडर्ड म्हणत होतास का रे?"

"माय, वरून काऊन पाह्यतं? इंजिन चांगलं झालं ना आता."

"हो ना बाबू," त्या म्हणाल्या आणि पदरानं जीपची काच पुसू लागल्या. "म्हणून तर दिसून राह्यली मले."