तोंड भिंतीकडे

सुरुवातीलाच सांगतो, मी नेटवर्कवाला माणूस. दिवा लाल का झाला याचं कारण लॉगमध्ये सापडतंच, यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास. इथले भुताखेतांचे किस्से वाचून मी कायम हसलोय. आज "हसू नका" म्हणायची पाळी माझ्यावर आलीय.

राहतो डोंबिवलीत. आमच्या कॅन्सर हॉस्पिटलचं ऑफिस माजिवड्याला, शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचं मशीन विठ्ठलवाडीला. रेडिएशनचा प्लॅन माजिवड्यात बनतो आणि लाईनवरून मशीनकडे जातो. लाईन जुनी... डेटाचे एकसारखे छोटे तुकडे, म्हणजे सेल, करून झपाट्याने पाठवणारी. वाटेत कुणी वाचू नये म्हणून दोन्ही टोकांना एन्क्रिप्टर. डेटाला कुलूप लावणारा डबा म्हणा. त्याची किल्ली म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. अर्धी मला पाठ, अर्धी माझे सीनियर दशरथदादांना. कुठेही लिहायची नाही. एकाने टाइप करताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं, झालं की टेबलावर टिचकी.

दादा ठाण्याच्या कोळीवाड्यातले, नियमाला पक्के. मी जरा मान हलवली की ओरडायचे, "तोंड तिकरं कर! तुजी बायको तरी तुला पिन सांगते का रं?"

गेल्या वर्षी दादा हार्ट अटॅकने गेले. अर्धी किल्ली घेऊनच. नवी बनवायलाही जुनी लागते. पण डबे चालू होते, त्यामुळे साहेब "बघू, बघू" करत राहिले.

मग एका दुपारी विठ्ठलवाडीच्या डब्याची बॅटरी मेली आणि तो किल्ली विसरला. मी धावत तिथे पोचलो. बाहेर बाकड्यावर माझी सख्खी मावशी बसलेली. आजचा शेक चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि तिचा प्लॅन माजिवड्यात अडकलेला.

मी माझा भाग टाकला. दुसऱ्यासाठी कर्सर लुकलुकत राहिला. आता उपाय एकच – बायपास. कुलूप काढून सगळ्या पेशंटची माहिती उघडी पाठवायची. दादांनी मला कच्चा खाल्ला असता. पण मावशी... साहेबांना फोन करायला मी दाराबाहेर पॅसेजमध्ये गेलो. खोलीत फक्त ऑपरेटर स्नेहा. नवीन, दादांना कधी पाहिलेलंही नाही.

साहेबांचा फोन लागेना. आत आलो तर ती कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभी.

"झालं का काका? वळू?"

"कोण काका? काय करतेयस तू?"

ती गोंधळून वळली. "सर, तुम्ही गेल्या गेल्या आले ना ते? पाठीमागूनच म्हणाले, 'तोंड तिकरं कर गो बाय.' मला वाटलं तुमचेच कोणीतरी. टाइप करत होते. आत्ताच टिचकी वाजवली."

खोलीला दार एकच, आणि त्या दारासमोर मी उभा होतो.

दिवा हिरवा. प्लॅन आलेला, कुलपासकट. मावशीला शेक मिळाला. लॉग म्हणतो, दुसरा भाग बरोबर, पहिल्याच प्रयत्नात. कुणी टाकला, ते लॉगला कळत नाही... मलाही अजून कळलेलं नाही. कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर सांगा.

गेल्या महिन्यात ती लाईन बंद झाली. किल्ली कायमची पुसायलाही दोन्ही भाग लागतात. साहेब म्हणाले, "फोडून टाक डबा." माझा हात होईना. खोलीत एकटाच गेलो, माझा भाग टाकला, "दादा, माझं झालं" म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

थोड्या वेळाने टिचकी वाजली.

मी वळलो नाही. खूप रडू आलेलं. वळलो असतो तर खोली रिकामी दिसली असती, आणि ते मला बघायचं नव्हतं.