आप्पांच्या शेजारची जागा

जिंतुरात कुणाकडे मयत झाली की विरूअण्णा न बोलावता हजर. हातात कागद आणि कोळशाची कांडी. रडणाऱ्यांच्या मागे उकिडवं बसून मेलेल्याचा चेहरा काढायचा. लोक हाकलायचे. एकदा तर एका घरच्या पोरांनी धरून बदडला. माझ्या फ्रेमांच्या दुकानात ओठाचं रक्त पुसत म्हणाला, "जित्या माणसाचं तोंड सारखं खोटं बोलायलंय. मेल्यावर एकदाच गप बसतंय, तर काढू देईनात!"

आता अशा माणसावर माया कशी करायची, सांगा! पण मी केली. पुण्या-दिल्लीत त्याच्या चित्रांचं नाव होतं आणि गावात त्याचं नाव काढलं की लोक थुंकायचे. कारण एकच चित्र.

लिंगायतांत गेलेल्या माणसाला भिंतीशी मांडी घालून बसवतात, भस्म लावतात, हातात त्याचं इष्टलिंग देतात आणि तसंच बसलेलं पुरतात. अंग ताठायच्या आत हे उरकावं लागतं. विरूअण्णानं स्वतःचे वडील, आप्पा, तसे काढले. हनुवटीला बांधलेली पट्टी, अर्धा उघडा राहिलेला डोळा, नाकावर माशी. वर स्वतःच्या एका पुस्तकात हे सगळं लिहूनही काढलं. मोबाइलवरून ते चित्र फिरलं आणि गाव पेटलं. थोरला भाऊ नागनाथप्पा, किराणा दुकानवाला, भर बाजारात ओरडला, "आप्पाच्या तोंडावरली माशी हाकलायची सोडून चित्र काढीत बसला! मला भाऊ न्हाई!" समाजातल्या जाणत्यांनीही ठरवलं, याला पुरायला आपल्यात जागा द्यायची नाही.

"हाकलली रे," अण्णा मला हळूच म्हणाला. "लय हाकलली. परत परत यायली. मग काढली."

देव न मानणारा हा माणूस एका गोष्टीवर मात्र अडून होता. मेल्यावर आप्पांच्या शेजारी बसायचं. भावाला निरोपावर निरोप धाडायचा, उत्तर येत नसे. मी चिडून म्हणालो, "तुला देव न्हाई, धर्म न्हाई, समाधी कशाला रे?"

"आप्पासमोर जन्मभर उभाच ऱ्हायलो. एकदा बसू दे की."

गेल्या हिवाळ्यात दिवसभर त्याचं दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कडी तोडली. भिंतीला टेकून, पाय लांब पसरून बसला होता. अंगाचं लाकूड झालेलं. मी नागनाथप्पाच्या दुकानात जाऊन सांगितलं. त्यानं हातातला तराजू ठेवला आणि माझ्याबरोबर निघाला.

गरम पाणी मागवून त्यानं भावाचे गुडघे स्वतः शेकले, चोळले. "बस रे विरू. मांडी घाल. मी आलोय न्हवं?" पाय काही वाकेनात.

मसणवट्यात जाणते आडवे आले. "याला जागा न्हाई म्हणून ठरलंय. त्यात पाय पसरून? पाय मोडून मांडी घाला, न्हाईतर भाईर न्या."

"माझ्या भावाच्या हाडाला हात लावून बघा!" नागनाथप्पा आप्पांच्या समाधीला लागून उभा राहिला. "ही जागा थोरल्याची, माझी हाय. मी त्याला दिली. खड्डा लांब करा, त्याचे पाय मावू द्या."

कुणी हलेना. शेवटी त्यानंच कुदळ उचलली. मी दुसरी घेतली.

"नागनाथप्पा, मग तुमाला?" मी विचारलं.

"मला टाका कुठंबी," तो खणता खणता म्हणाला. "त्यानं लय वाट बघितली."